मित्रांसोबत शनिवार-रविवारची परदेश सहल आणि प्रवासातला खोळंबा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शुक्रवारी काम आटोपून निघायचे, दोन रात्री परदेशात काढायच्या आणि सोमवारी सकाळी पुन्हा कामावर हजर व्हायचे, असा बेत आखणाऱ्या मित्रमंडळींसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. कुठे जावे आणि काय पाहावे याची माहिती इतरत्र भरपूर मिळते, म्हणून येथे भर आहे तो वेळेवर, तिकिटांवर, प्रवाशाच्या हक्कांवर आणि निघण्यापूर्वी मित्रांनी आपसात ठरवून ठेवायच्या गोष्टींवर.

इतक्या लहान सहलीसाठी विलंबाचा आधीपासून विचार करण्याची खरोखर गरज आहे का?

आहे, आणि सहल लहान आहे म्हणूनच आहे. पंधरा दिवसांच्या प्रवासात सहा तास वाया गेले तर एखादे ठिकाण दुसऱ्या दिवशी पाहता येते. दोन दिवसांच्या सहलीत मात्र तेच सहा तास शनिवारची अख्खी सकाळ किंवा सोमवारची हजेरी घेऊन जातात. शिवाय शुक्रवार आणि रविवार संध्याकाळची विमाने बहुधा भरलेली असतात, त्यामुळे एक विमान रद्द झाले की त्यातील प्रवाशांना सामावून घ्यायला पुढच्या विमानात जागाच उरत नाही. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील विमानतळांवरची संगणक व्यवस्था कोलमडली, तो शुक्रवार होता. वीज उपकेंद्राला लागलेल्या आगीमुळे लंडनचा हीथ्रो विमानतळ जवळजवळ दिवसभर बंद राहिला, तो २१ मार्च २०२५ हाही शुक्रवारच होता. आठवडाभरासाठी निघालेल्यांनी अशा वेळी शनिवारी किंवा रविवारी प्रवास केला. दोन दिवसांसाठी निघालेल्यांच्या सहलीत तोवर फारसे काही उरले नव्हते.

विमाने उशिरा का सुटतात, आणि त्यावरून वेळ निवडताना काय लक्षात घ्यावे?

कमी अंतराच्या मार्गांवर एकच विमान दिवसभरात अनेक फेऱ्या करते आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये त्याला जमिनीवर फार थोडा वेळ मिळतो. सकाळच्या पहिल्या फेरीला झालेला पाऊण तासाचा उशीर भरून निघाला नाही, तर तो पुढच्या प्रत्येक फेरीला चिकटतो आणि त्यात नवा उशीर मिसळत जातो. म्हणूनच संध्याकाळच्या विमानांना उशीर होण्याची शक्यता सकाळच्या विमानांपेक्षा जास्त असते. दुसरी मर्यादा वैमानिक आणि कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांची. हे तास नियमाने बांधलेले असतात, आणि ते संपत आले तर विमान सुस्थितीत, हवामान स्वच्छ आणि प्रवासी आसनांवर बसलेले असूनही उड्डाण होत नाही. तिसरी मर्यादा रात्रबंदीची, जिच्याकडे प्रवाशांचे सहसा लक्ष जात नाही. फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत नियोजित उड्डाणांना बंदी आहे, सिडनीला ती रात्री ११ ते सकाळी ६ अशी आहे. अशा विमानतळावरून रात्री साडेदहाला सुटणारे विमान चाळीस मिनिटे रखडले, तर ते त्या रात्री सुटणारच नाही अशीही वेळ येऊ शकते.

यावरून आमचे मत ठाम झाले आहे : जाताना संध्याकाळचे विमान घेण्यावाचून पर्याय नसेल तर घ्यावे, पण परतीसाठी रविवारचे शेवटचे विमान घेऊ नये. दुपारचे विमान घेतल्यास सहलीचे चार-पाच तास जातात हे खरे, पण ते विमान रद्द झाले तर त्याच दिवशी मागून येणारे दुसरे तरी शिल्लक असते. शेवटचे विमान रद्द झाले की समोर रात्रच उरते. तिकिटे काढण्यापूर्वी आणखी एक पडताळणी करावी. त्या मार्गावर दिवसाला किती विमाने आहेत ते पाहावे. आठवड्यातून दोनदाच विमान असलेल्या स्वस्त मार्गावर ‘पुढचे विमान’ म्हणजे बुधवार असू शकतो.

थेट विमान महाग आहे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची स्वतंत्र तिकिटे जोडून आम्ही पैसे वाचवले तर चालेल का?

लांबच्या प्रवासात हे गणित जमते, शनिवार-रविवारच्या सहलीत क्वचितच. एकाच बुकिंगमधील जोडविमान चुकले तर तुम्हाला मुक्कामी पोहोचवण्याची जबाबदारी विमान कंपनीकडे राहते आणि ती पुढच्या विमानात जागा करून देते. स्वतंत्र तिकिटे असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त वेळेवर न आलेले प्रवासी असता. तिकीट बुडते, आणि आयत्या वेळचे नवे तिकीट सगळ्या वाचवलेल्या पैशांहून महाग पडते. भरीस भर म्हणजे स्वतंत्र तिकिटांवर सामानही बहुधा आपोआप पुढे जात नाही. ते ताब्यात घेऊन पुन्हा जमा करावे लागते आणि त्यासाठी त्या देशात प्रवेश करण्याचा व्हिसा लागू शकतो. तरीही स्वतंत्र तिकिटे घ्यायचीच असतील तर ती जाताना घ्यावीत, परतीला नाही. जाताना विमान चुकले तर सहलीचे तास जातात, पण परतीला चुकले तर मंडळी परक्या देशात अडकतात.

सगळ्या मित्रांची तिकिटे एकाच पीएनआरवर काढावीत की वेगवेगळी?

दोन्ही बाजूंना वजन आहे, म्हणून हा निर्णय विचारपूर्वक घ्यावा. एकाच पीएनआरवर सहा जण असतील तर वेळापत्रकात बदल झाल्यावर सगळ्यांना एकत्र हलवले जाते आणि कुणी वेगळ्या विमानात पडत नाही. पण विमान रद्द झाल्यावर हाच फायदा अंगलट येऊ शकतो. संगणक त्या वेळी एकाच विमानातील सहा रिकाम्या जागा शोधतो. रविवारी संध्याकाळी अशा सहा जागा मिळत नाहीत, तेव्हा तो सोमवार दुपारचे विमान दाखवतो; प्रत्यक्षात त्याच रात्रीच्या एका विमानात दोन आणि दुसऱ्यात तीन जागा असतात. काउंटरवर उभे राहून ‘आमचा पीएनआर विभागून द्या, आम्ही दोन-दोनच्या गटांत जाऊ’ असे स्पष्ट सांगितले, तर ज्या जागा दिसत नव्हत्या त्या दिसू लागतात. ही विभागणी विमान कंपनीला करता येते, पण मागितल्याशिवाय ती सहसा कुणी सुचवत नाही.

तिकीट काढतानाही एक बारकावा आहे. स्वस्त दराच्या तीनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही एकदम सहा जागा शोधल्या, तर अनेकदा सहाही जागांना वरचा दर लागतो. आधी दोनच जागांचा दर पाहून मग ठरवावे. मोठ्या गटाने दोघा-तिघांच्या लहान बुकिंगमध्ये तिकिटे काढावीत आणि प्रत्येक बुकिंगमध्ये प्रवासाचा सराव असलेली एक तरी व्यक्ती ठेवावी, हे आम्हाला सर्वांत व्यवहार्य वाटते.

आमच्यापैकी एकाचे जातानाचे विमान चुकले. तो दुसऱ्या तिकिटाने येऊन पोहोचला, तर परतीच्या मूळ तिकिटावर आमच्यासोबत येऊ शकेल का?

बहुतेक वेळा नाही. एकाच तिकिटाचा पहिला टप्पा न वापरल्यास अनेक कंपन्या पुढचे टप्पे आपोआप रद्द करतात. विमान चुकल्याचे लक्षात येताच, शक्यतो विमान सुटण्यापूर्वीच, कंपनीशी संपर्क साधून परतीचा टप्पा कायम ठेवण्याची विनंती करावी आणि होकार लेखी घ्यावा. रविवारी चेक-इन करताना हे कळले तर हाती काहीच राहत नाही.

तारखा आणि घड्याळ यांत कुठे फसगत होते?

‘शनिवार, ००.४०’ असे छापलेले विमान शुक्रवारी रात्री पकडायचे असते. मित्रांच्या गटात एकजण तरी ते शनिवारी रात्रीचे समजतो, म्हणून संदेश पाठवताना ‘शुक्रवारी रात्री ९ वाजता विमानतळावर’ असे लिहावे. तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या-त्या ठिकाणची स्थानिक वेळ असते. याशिवाय युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, तर अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तासाने बदलतात. हा बदल शनिवार-रविवारच्या मधल्या रात्री होतो. मार्चमध्ये त्या रात्री एक तास नाहीसा होतो. परतीचे विमान सकाळचे असेल आणि गजर हाताने लावलेल्या घड्याळाचा असेल, तर विमान चुकायला तेवढे पुरते.

विमान उशिरा असल्याची घोषणा झाली. पहिल्या अर्ध्या तासात आम्ही काय करावे?

सर्वांनी मिळून एकाच रांगेत उभे राहू नये. एकाने काउंटरच्या रांगेत जावे, दुसऱ्याने कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावावा, तिसऱ्याने कंपनीच्या ॲपवर बदलाचा पर्याय येतो का ते पाहत राहावे. ज्याला आधी उत्तर मिळेल त्याचे काम पुढे न्यावे आणि इतरांनी थांबावे, कारण दोन ठिकाणांहून एकाच वेळी बदल केल्यास बुकिंगचा गोंधळ होतो. चौथ्याने सूचना फलकाचे छायाचित्र काढून ठेवावे; त्यावर उड्डाण क्रमांक, जुनी वेळ आणि नवी वेळ स्पष्ट दिसली पाहिजे. विलंबाचे कारण काय ते कर्मचाऱ्याला विचारावे आणि शक्य असेल तर लेखी मागावे, कारण पुढे भरपाईचा दावा करताना सगळे त्या कारणावर येऊन ठेपते.

जे विमान तुम्हाला न्यायला यायचे आहे ते या क्षणी कुठे आहे, हे उड्डाणांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर पाहता येते. फलकावर ‘४० मिनिटे उशीर’ असताना ते विमान अजून दोन तासांच्या अंतरावरच्या शहरातून निघालेलेच नसेल, तर खरा अंदाज तुमच्या हाती आधीच आलेला असतो. अर्थात त्या भरवशावर गेटपासून लांब जाऊ नये. कंपनीने दुसरे विमान लावले तर वेळ पुन्हा अलीकडे येते. हॉटेललाही याच वेळी कळवावे. पहिल्या रात्री न पोहोचलेल्या पाहुण्याचे संपूर्ण बुकिंग रद्द करण्याची अट पुष्कळ हॉटेलांत असते, आणि मध्यरात्री सहा जणांनी नवी खोली शोधणे सोपे नाही.

विलंबाची भरपाई पैशांत मिळते का?

ते तुम्ही कुठून कुठे, कोणत्या कंपनीने प्रवास करता यावर अवलंबून आहे. तुमच्या नागरिकत्वावर नाही. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम १७ फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. संघातील विमानतळावरून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला तो लागू होतो, तर बाहेरून संघात येणाऱ्या विमानाला कंपनी संघातील असेल तरच लागू होतो. त्यामुळे एकाच सहलीत जाताना हक्क नाही आणि येताना आहे, असे घडू शकते. मुक्कामी तीन तास किंवा त्याहून अधिक उशिरा पोहोचल्यास भरपाई मिळते, हे युरोपीय न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले. १५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला २५० युरो, संघांतर्गत त्याहून लांबच्या आणि इतर १५०० ते ३५०० किलोमीटरच्या प्रवासाला ४०० युरो, त्यापुढे ६०० युरो. या शेवटच्या गटात उशीर चार तासांहून कमी असेल तर रक्कम निम्मी होऊ शकते. पोहोचण्याची वेळ कोणती धरायची यावरही वाद झाला होता. चाके धावपट्टीला टेकली ती नव्हे, तर विमानाचा किमान एक दरवाजा उघडून प्रवाशांना उतरण्याची मुभा मिळाली ती वेळ, असा निकाल २०१४ मध्ये लागला. दोन तास पन्नास मिनिटे की तीन तास पाच मिनिटे, हे ठरवताना हा फरक मोलाचा ठरतो.

ब्रिटनने संघातून बाहेर पडल्यावरही हाच आराखडा ठेवला आहे आणि तेथे रकमा २२०, ३५० आणि ५२० पौंड अशा आहेत. अमेरिकेत विलंबासाठी अशी ठरीव भरपाई कायद्याने मिळत नाही. मात्र देशांतर्गत विमान तीन तास आणि आंतरराष्ट्रीय विमान सहा तास किंवा अधिक उशिरा असेल आणि तुम्ही प्रवास नाकारला, तर तिकिटाचे पैसे परत मिळण्याचा हक्क आहे.

हे सर्व लागू नसले तरी १९९९ चा मॉन्ट्रियल करार उरतोच. तो मान्य केलेल्या देशांमधील आंतरराष्ट्रीय विमान प्रवासात विलंबामुळे झालेले प्रत्यक्ष नुकसान, म्हणजे वाया गेलेले हॉटेल किंवा नव्याने घ्यावे लागलेले तिकीट, पुराव्यानिशी मागता येते. मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे ६,३०३ विशेष आहरण हक्क इतकी आहे. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. उशीर टाळण्यासाठी शक्य ते सारे केले होते असे कंपनीने सिद्ध केल्यास मात्र ती सुटते. दाव्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. प्रत्येक मित्राचा दावा स्वतंत्र असतो, त्यामुळे पावत्या एकत्र केल्या तरी अर्ज प्रत्येकाच्या नावाने करावा.

‘असाधारण परिस्थिती’ सांगून कंपनीने भरपाई नाकारली. ते मान्य करावे का?

लगेच मान्य करू नये. प्रतिकूल हवामान, सुरक्षेचा धोका, हवाई वाहतूक नियंत्रणातील बिघाड किंवा संप ही कारणे युरोपीय नियमांत ग्राह्य धरली जातात. विमानातील नेहमीचा तांत्रिक बिघाड मात्र कंपनीच्या कामकाजाचाच भाग मानला जातो, हे २००८ च्या निकालापासून स्थिर झाले आहे. म्हणून ‘तांत्रिक कारण’ एवढ्याच उत्तरावर समाधान मानू नये आणि नेमके कारण लेखी मागावे.

दुसरीकडे, काही वेळा कंपनीचे म्हणणे खरेच असते. २८ ऑगस्ट २०२३ चे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तो ब्रिटनमध्ये सुट्टीचा सोमवार होता आणि जोडून आलेली सुट्टी संपवून लोक परतत होते. लॉस एंजेलिसहून पॅरिसला निघालेल्या एका विमानाच्या मार्ग-आराखड्यात ‘डीव्हीएल’ हे संकेतनाम दोनदा आले. एक बिंदू अमेरिकेतील डेव्हिल्स लेकचा, दुसरा फ्रान्समधील डोव्हिलचा. हे आराखडे तपासणाऱ्या ब्रिटनच्या संगणकाला त्याचा अर्थ लावता आला नाही, चुकीची माहिती पुढे जाऊ नये म्हणून तो बंद पडला, आणि राखीव संगणकानेही तेच केले. काही तास आराखडे हाताने तपासावे लागले आणि ७ लाखांहून अधिक प्रवाशांना त्याचा फटका बसला. कोणत्याही विमान कंपनीचा यात दोष नव्हता, म्हणून ठरीव भरपाई लागू झाली नाही.

पण भरपाई नाकारली म्हणजे देखभालही नाकारता येते असे नाही, आणि प्रवाशांचे सर्वांत जास्त नुकसान याच गैरसमजातून होते. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपचे आकाश जवळजवळ सहा दिवस बंद राहिले आणि सुमारे १ लाख उड्डाणे रद्द झाली. त्या प्रसंगातून उभ्या राहिलेल्या खटल्यात न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की इतक्या टोकाच्या परिस्थितीतही जेवण आणि निवासाची जबाबदारी कंपनीचीच राहते. नियमानुसार अंतराप्रमाणे दोन, तीन किंवा चार तासांच्या विलंबापासून खाणे-पिणे, दोन दूरध्वनी आणि रात्र काढावी लागल्यास हॉटेल व तेथवरची ने-आण मिळाली पाहिजे. काउंटरवर कुणीच नसेल तर वाजवी दरातील हॉटेल स्वतः घ्यावे आणि पावत्या जपून ठेवून ते पैसे मागावेत. येथे ‘वाजवी’ हा शब्द खरोखर पाळावा.

विमान रद्द झाल्यावर परतावा घ्यावा की पर्यायी विमान?

परतीच्या प्रवासात घाईने परतावा घेऊ नये. तो स्वीकारताच, वर सांगितलेल्या युरोपीय नियमांखाली, तुम्हाला घरी पोहोचवण्याची आणि तोवर जेवण-निवास देण्याची कंपनीची जबाबदारी संपते. ॲपवर ‘परतावा’ हे बटण सर्वांत वर आणि ठळक असते, आणि वैतागलेला एखादा मित्र ते संपूर्ण गटासाठी दाबून मोकळा होतो. नवे तिकीट त्या रात्री दुप्पट-तिप्पट दराने घ्यावे लागते. म्हणून कुणीही इतरांना विचारल्याशिवाय ॲपवर पर्याय निवडायचा नाही, हे निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावे.

जाताना विमान रखडले असेल तर हिशेब वेगळा. सुटण्यास पाच तास किंवा अधिक उशीर होत असल्यास युरोपीय नियमांनुसार प्रवास सोडून पैसे परत घेता येतात. तुम्ही अर्ध्या वाटेवर असाल आणि पुढे जाण्यात मूळ हेतूच उरला नसेल, तर झालेल्या टप्प्याचेही पैसे आणि मूळ ठिकाणी परत आणणारे विमान मागता येते. शनिवारी रात्री पोहोचून रविवारी दुपारी निघायचे असेल, तर हा पर्याय गंभीरपणे विचारात घ्यावा.

मधल्या विमानतळावर रात्र काढावी लागली आणि त्या देशाचा व्हिसा नाही. मग?

कंपनीने हॉटेलची चिठ्ठी दिली तरी ते हॉटेल इमिग्रेशनच्या पलीकडे असेल, तर व्हिसा नसलेल्याला तेथे जाता येत नाही. काही देश अशा वेळी तात्पुरता प्रवेश देतात, काही देत नाहीत. मित्रांच्या गटात वेगवेगळ्या देशांची पारपत्रे असतील तर चौघे हॉटेलवर आणि दोघे गेटपाशी अशी विभागणी होते. मोठ्या विमानतळांवर इमिग्रेशनच्या अलीकडेच विश्रामकक्ष किंवा ट्रान्झिट हॉटेल असते. त्याची मागणी लगेच करावी, कारण तेथील खोल्या मोजक्या असतात. जोडविमान निवडतानाच त्या विमानतळावर असे हॉटेल आहे का आणि कुणाला विमानतळ-ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे पाहून ठेवणे उत्तम.

विलंबामुळे व्हिसाची मुदत ओलांडली गेली तर काय होते?

शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या सामायिक व्हिसावर, दोन गोष्टी छापलेल्या असतात : तो कोणत्या तारखांच्या दरम्यान वापरता येईल, आणि त्यात किती दिवस राहता येईल. तारखांमध्ये सहसा पंधरा दिवसांची जास्तीची मोकळीक धरलेली असते, पण राहण्याच्या दिवसांत ती नसते. म्हणून तारीख शिल्लक दिसली तरी दिवस मोजावेत. येण्याचा आणि जाण्याचा दिवस हे दोन्ही मोजले जातात. उड्डाणे बंद पडल्यासारख्या, आपल्या हातात नसलेल्या कारणाने दिवस अपुरे पडले तर मुदतवाढ मिळते आणि त्यासाठी शुल्क लागत नाही. मात्र ती मुदत संपण्यापूर्वी मागावी लागते. विमानतळावरील सीमा पोलिसांना गाठून रद्द झालेल्या उड्डाणाचा कागद दाखवावा. इतर देशांचे नियम निरनिराळे आहेत, पण आधी सांगणे आणि लेखी पुरावा जवळ ठेवणे सगळीकडेच उपयोगी पडते.

सीमेवरच्या रांगेचाही अंदाज ठेवावा. शेंगेन क्षेत्रात १२ ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरच्या नागरिकांच्या बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र नोंदवणारी नवी व्यवस्था टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. पारपत्र तपासणीच्या रांगेत अडकून विमान चुकले, तर ती जबाबदारी सहसा विमान कंपनी घेत नाही.

सामान किती आणि कसे न्यावे?

दोन रात्रींसाठी केबिन बॅग पुरते, आणि ती खोळंब्यात सर्वांत मोठी मदत करते. हातात सामान असलेल्या प्रवाशाला विमान सुटण्याच्या तासभर आधीही दुसऱ्या विमानात बसवता येते. जमा केलेले सामान मात्र शोधून हलवावे लागते. औषधे, चार्जर, एक जादा कपड्याचा जोड आणि पॉवर बँक जवळ असावी. पॉवर बँक तशीही जमा करण्याच्या सामानात चालत नाही. जमा केलेले सामान आलेच नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वी सामान-तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा. मॉन्ट्रियल करारानुसार नुकसान झालेल्या सामानाची तक्रार सात दिवसांत, आणि उशिरा मिळालेल्या सामानाची ते हाती आल्यापासून एकवीस दिवसांत लेखी करावी लागते.

प्रवास विमा घेतला आहे. तो पुरेसा आहे ना?

पॉलिसीतील तासांची अट वाचल्याशिवाय सांगता येत नाही. विलंबाचे संरक्षण अनेक पॉलिसींमध्ये सहा किंवा बारा तासांनंतर सुरू होते, आणि दोन दिवसांच्या सहलीचे बरेचसे नुकसान त्याआधीच झालेले असते. संप किंवा वादळाची बातमी जाहीर झाल्यावर घेतलेल्या विम्यात तेच कारण सहसा वगळलेले असते, म्हणून विमा तिकिटांबरोबरच घ्यावा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा विमा लागतो, तो वैद्यकीय खर्चाचा; विलंबाचे संरक्षण त्यात असेलच असे धरून चालू नये.

खोळंब्यामुळे झालेला जादा खर्च मित्रांनी कसा वाटून घ्यावा?

विमानतळावर, थकलेल्या अवस्थेत, याचा निर्णय करू नये. निघण्यापूर्वी प्रत्येकाने सारखी रक्कम काढून एक राखीव वर्गणी ठेवावी आणि ती फक्त अडचणीच्या वेळी वापरावी. न वापरल्यास परत वाटून घ्यावी. सर्वांना समान लागू होणारा खर्च, जसे की अडकलेल्या रात्रीची खोली, सर्वांत विभागावा. एकाच्या उशिरामुळे चुकलेल्या विमानाचा खर्च कुणी सोसायचा हा प्रश्न नाजूक आहे. आमच्या मते तो आधीच बोलून घेण्याइतका महत्त्वाचाही आहे. भरपाई सहसा प्रत्येक प्रवाशाच्या नावाने येते, पण हॉटेलचे पैसे एकानेच भरलेले असतात. म्हणून कुणी काय भरले याची नोंद त्याच दिवशी गटात टाकावी आणि पावतीवर सर्वांची नावे लिहून घेता आली तर घ्यावीत.

रद्द झालेल्या विमानाऐवजी काहींना महागडे तिकीट काढून लगेच निघायचे आहे, काहींना थांबायचे आहे. गटाने एकत्रच राहावे का?

ज्याची सोमवारी शस्त्रक्रिया ठरली आहे, ज्याच्या घरी तान्हे मूल आहे आणि ज्याने सोमवारची रजा टाकली आहे, या तिघांची निकड सारखी नसते. पहिल्या जागा ज्यांना खरी गरज आहे त्यांना द्याव्यात, आणि इतरांनी ते मनात किंतू न ठेवता मान्य करावे. कुणाची निकड किती, हे निघण्यापूर्वी प्रत्येकाने सांगून ठेवले तर काउंटरसमोर वाद होत नाहीत. मात्र कुणालाही एकट्याने मागे ठेवू नये. विशेषतः ज्याला परदेश प्रवासाचा सराव नाही, ज्याचे कार्ड तिथे चालत नाही किंवा ज्याची भाषेची अडचण आहे, त्याच्यासोबत एकाने तरी थांबावे. निर्णय घेणारी एक व्यक्ती आधी ठरवलेली असावी, कारण रांगेत पुढचा क्रमांक येतो तेव्हा सहा जणांची मते घ्यायला वेळ नसतो. शक्य असेल त्यांनी सोमवारचा अर्धा दिवस रजेचा ठेवावा.

शेजारच्या देशात रेल्वेने गेलो तर विलंबाचे नियम वेगळे आहेत का?

आहेत. युरोपीय संघात ७ जून २०२३ पासून लागू झालेल्या रेल्वे प्रवासी नियमांनुसार ६० ते ११९ मिनिटांच्या विलंबाला तिकिटाच्या किमान २५ टक्के आणि १२० मिनिटांपासून पुढे किमान ५० टक्के रक्कम परत मिळते. असाधारण नैसर्गिक आपत्तीसारखी कारणे त्यातून वगळली आहेत. रेल्वेतही अखंड तिकीट आणि तुकड्यातुकड्यांनी काढलेली तिकिटे यांत तोच फरक आहे, जो विमानांच्या बाबतीत वर सांगितला. मधल्या स्थानकावर पुढची गाडी चुकणार असे दिसताच तिकीट तपासनिसाकडून तिकिटावर नोंद करून घ्यावी. अनेक ठिकाणी त्या नोंदीवर पुढच्या गाडीने जाता येते.